पहिलं भाड्याचं घर: ६२ हजारांत उंबरा ओलांडता येईल का?

चिंचगूळ | १६ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकून दुसऱ्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी मूळची बार्शीची. पुण्यात चार वर्षं झाली, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत तिघी. कॉटचे ५,०००, दोन वेळच्या मेसचे ३,५००. नोकरी स्वारगेटजवळ, हातात ३८,५०० येतात. त्यातले ८,००० घरी पाठवते. ऑफिसात १२ जणींची भिशी आहे, महिना ३,०००. माझा नंबर डिसेंबरचा.

धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे, पुढच्या महिन्यात सीईटी. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला तर दोघांनी मिळून वन बीएचके घ्यावा असं डोक्यात आहे. धायरीत एक बघून आले. भाडं १३,५००, डिपॉझिट तीन महिन्यांचं. बँकेत ६२,००० आहेत. एजंट म्हणतो, "मॅडम, आरामात बसतंय, टोकन टाका."

मला आकडे कळतात, पण घर भाड्याने घ्यायचे आकडे कधी पाहिलेले नाहीत. घरात कुणाला विचारावं तर आमचं बार्शीचं घर आजोबांच्या वेळचं, भाडं हा विषयच नाही. टोकन टाकू का? अरेतुरे चालेल.

---

सदाशिवपेठी | १६ मार्च

टोकन टाकू नकोस. सविस्तर उत्तर हिशेबनीस देतीलच, मी रुमाल टाकून बसतो.

---

हिशेबनीस | १६ मार्च

रुमाल उचला, आलो.

भाडं परवडणं आणि घरात शिरणं परवडणं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. एजंट पहिला सांगतो. दुसरा, म्हणजे उंबऱ्याचा खर्च, तो आपला आपल्यालाच मांडावा लागतो. तुझ्याच आकड्यांवर मांडतो:

पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ १३,५००. डिपॉझिट ४०,५००. एजंटची दलाली, पूर्ण महिन्याची धरली तर १३,५००. इथेच ६७,५०० झाले आणि तुझे ६२ संपले. अजून कुलूपसुद्धा उघडलेलं नाही.

पुढे करारनाम्याचे साधारण २,५००. टेंपो २,५००. गॅस: नव्या जोडणीला १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२००, रेग्युलेटरची २५०, भरलेल्या टाकीचे आठशेच्या वर आणि शेगडी. ५,५०० धर. मग गाद्या, कुकर, बादल्या, पडदे, ट्यूब, झाडू आणि तो डोअरमॅट, जो कुणीच यादीत लिहीत नाही. काटकसरीत १२,०००.

बेरीज ९०,०००. म्हणजे २८ हजार कमी, आणि त्या दिवशी शिल्लक शून्य. शिल्लक शून्यावर घरात शिरायचं नाही. पहिल्याच महिन्यात गिझर जळतो किंवा आपण आजारी पडतो.

---

मीठभाकर | १६ मार्च

हिशेबनीस बरोबर, पण दलाली पूर्ण महिन्याची का म्हणून? पुण्यात १५ दिवसांच्या भाड्यावरही ठरते. आधी बोलून घ्यायचं. घर दाखवायच्या आधी, चावी घेतल्यावर नाही.

---

टेरेसवाला | १७ मार्च

भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा थोडं थांबून विकत घे ना. १३,५०० भाड्याऐवजी हप्ता भर. माझं स्पष्ट मत.

---

मीठभाकर | १७ मार्च

@टेरेसवाला, तिच्याकडे ६२ हजार आहेत हो. बँक घराच्या पूर्ण किमतीचं कर्ज देत नाही, मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. त्या पैशात पार्किंगमधली स्कूटरची जागासुद्धा येणार नाही. दर भाड्याच्या धाग्यावर हे वाक्य टाकायलाच हवं का?

---

स्लो_लोकल | १७ मार्च

मुंबईकर म्हणून वाचताना हेवा वाटतोय. आमच्याकडे दलाली महिन्याच्या भाड्याएवढी, आणि ११ महिन्यांनी नूतनीकरण केलं की एजंट पुन्हा हजर. त्याने त्या वेळी काय केलं विचाराल तर फोन केला.

चिंचगूळ, एक सांगतो. "हेवी डिपॉझिट" म्हणून कुणी काही सुचवलं तर लांब राहा. पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं. सोडताना पैसे परत. ऐकायला गोड. माझ्या आत्येभावाने असं घेतलं होतं. सोडताना मालक म्हणाला, नवा भाडेकरू मिळाला की त्याचे आले की देतो. नवा भाडेकरू सात महिन्यांनी मिळाला. एवढी रक्कम मालक कपाटात ठेवत नाही, ती कुठेतरी लागलेली असते.

---

बंगळुरी_पुणेकर | १७ मार्च

तीन महिन्यांना रडताय? इथे दहा महिन्यांची प्रथा होती, अजूनही काही मालक तेवढेच मागतात. घासाघीस करून मी सहावर आणलं आणि पार्टी दिली.

---

प्रश्नचिन्ह | १७ मार्च

पण कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही ना? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

---

तळमजला | १७ मार्च

तो केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. नमुना आहे तो, राज्याने स्वीकारला तरच लागू. महाराष्ट्रात चालतो तो १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या ११ महिन्यांच्या कराराच्या, डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप दाखवून मालकाशी भांडू नका. मी मालकीण आहे, माझ्याशी एकाने भांडून झालं आहे.

आता आलेच आहे तर मालकाच्या बाजूने लिहिते. सिंहगड रोडला आमचा एक फ्लॅट गेली नऊ वर्षं भाड्याने आहे. मी भाडेकरूचा पगार किती हे दुसऱ्यांदा विचारत नाही, पगार कोणत्या तारखेला होतो ते विचारते. ज्याचा सात तारखेला होतो त्याने पाच तारखेला भाडं द्यायचं कबूल केलं तर तो दर महिन्याला दोन दिवस माझा फोन टाळणार. म्हणून चिंचगूळ, करारात भाड्याची तारीख पगारानंतरची टाकून घे. फुकट मिळणारी गोष्ट आहे, कुणी मागत नाही.

करार नोंदणीकृतच हवा. ११ महिन्यांचा असला तरी. "११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे" हे आपल्याकडे एजंट सर्रास सांगतात, ते चूक आहे. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणीची गरज तुझ्यापेक्षा मलाच जास्त आहे.

खर्च किती? मुद्रांक ०.२५ टक्के. एकूण मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारं व्याज, यांच्या बेरजेवर. तुझ्या आकड्यांवर पाचशेच्या आतच बसतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. वरचे पैसे अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्याचे. कुणी करारनाम्याचे सहा हजार सांगितले तर हे गणित त्याच्यापुढे ठेव. आणि निम्मे मालकाला मागायचे. मी देते.

---

हिशेबनीस | १७ मार्च

तळमजला काकू, हे वेगळा लेख म्हणून टाका. तारखेचा मुद्दा मला २० वर्षांत सुचला नाही.

---

तळमजला | १७ मार्च

काकू म्हणायला हरकत नाही, पण मी ४६ ची आहे.

---

कागदीघोडा | १८ मार्च

घरभाडे भत्ता विसरू नकोस. भाड्याच्या पावत्या ठेव, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जातंय म्हणजे मालकाचा पॅन लागेल, तो आत्ताच मागून घे. कर बराच वाचेल.

---

हिशेबनीस | १८ मार्च

नाही वाचणार. भत्त्याची सूट फक्त जुन्या करपद्धतीत. येत्या एप्रिलपासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतोय. तिचा पगार त्याच्या निम्माही नाही. शून्यातून काय वाचवणार? पावत्या ठेव, त्या भाडं दिल्याचा पुरावा म्हणून. पण करबचतीच्या भरवशावर भाड्याचा आकडा वाढवू नकोस. एजंट लोक हेही सांगतात.

---

चिंचगूळ | १८ मार्च

बाप रे, केवढं लिहिलंत. टोकन टाकलं नाही. एजंट चिडला. "उद्या घर जाईल" म्हणाला.

एक प्रश्न. २८ हजार कुठून आणू? ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते अ‍ॅपवर दहा मिनिटांत कर्ज मिळतं. दुसरी म्हणते पोस्टात आरडी काढ.

---

मीठभाकर | १८ मार्च

अ‍ॅप नको. नको म्हणजे नकोच. डिपॉझिटसाठी कर्ज काढलं की त्या घराचं भाडं १३,५०० राहत नाही, हप्ता धरून १६-१७ होतं.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची, तीन वर्षांआधी मोडता येत नाही. तुला पैसे सहा महिन्यांत हवेत. बँकेत सहा महिन्यांची काढ, नाहीतर सरळ वेगळं बचत खातं, ज्याचं कार्ड घरीच ठेवायचं.

ऑफिसात पगाराची उचल मिळते का विचार. बिनव्याजी असते बऱ्याच ठिकाणी. आणि भिशीचा नंबर बदलून घे! डिसेंबरचा कुणाशी तरी ऑगस्टला बदल. ३,००० गुणिले १२, एकदम ३६ हजार. लग्न, बाळंतपण, डिपॉझिट, यासाठीच तर भिशी असते.

---

हिशेबनीस | १९ मार्च

रात्री पुन्हा बसलो तुझ्या आकड्यांवर. उंबऱ्याचं झालं, आता महिन्याचं. इथे मला जरा काळजी वाटते.

भाऊ आला की त्यालाही कॉट आणि मेस लागणारच. म्हणजे ८,५०० तुझे, ८,५०० त्याचे, एकूण १७,०००. फ्लॅट घेतलास तर १३,५०० भाडं, वीज, गॅस, इंटरनेट मिळून एकोणीसशे, किराणा-दूध-भाजी सात हजार. २२,४०० धरू. फरक महिना ५,४००. भाऊ येणारच असेल तर खरी तुलना ही. नुसतं "पाच हजारांची कॉट सोडून साडेतेरा हजारांचं घर" असं बघितलंस तर घाबरशील.

पण हे २२,४०० कुणाच्या खिशातून? भावाचे ८,५०० वडील देणार होते ना? फ्लॅट झाल्यावर ते वाचले, आणि तू घरी ८,००० पाठवतेच आहेस. प्रवास-फोन ४,०००, किरकोळ ५,०००, भिशी ३,००० धरले तर ८,००० पाठवत राहून तू दर महिन्याला चार हजारांनी खड्ड्यात. ३,००० पाठवलेस तर हजारभर उरतात.

म्हणजे एजंटशी नंतर, आधी वडिलांशी बोल.

---

चिंचगूळ | १९ मार्च

हेच टाळत होते, कबूल करते. पहिल्या पगारापासून आठ हजार जातायत. बाबा कधी मागत नाहीत, पण एक तारखेला आई फोनवर "पोचले हं" म्हणते. ते कमी करते म्हणायचं कसं?

---

तळमजला | १९ मार्च

कागद घेऊन जा. हिशेबनीसांचीच बेरीज बाबांसमोर ठेव. "कमी पाठवते" असं म्हणू नकोस, "त्याचं राहणं-जेवण आता माझ्याकडे" म्हण. खरं तेच आहे.

---

सदाशिवपेठी | १९ मार्च

काकूंना अनुमोदन. (४६ च्या काकूंना.)

आणि एप्रिलपासून तालीम कर. तो ५,४०० चा फरक दर एक तारखेला बाजूला टाक, जणू भाडंच भरतेस. दोन महिने जमलं तर घर झेपेल. तिसऱ्या आठवड्यात त्याच पैशाला हात लागला तर कळेल की आकडा कमी करायला हवा. पैसेही साठतात, ते वेगळं.

---

प्रश्नचिन्ह | २२ मार्च

थोडं अवांतर. एका साइटवर बाणेरचा फर्निश्ड फ्लॅट नऊ हजारांत दिसतोय. मालक म्हणतो मी लष्करात आहे, बदली झाली, चावी कुरियरने पाठवतो, आधी क्यूआर स्कॅन करून ५ रुपये टाका, ते परत येतील. खरं असेल का?

---

बंगळुरी_पुणेकर | २२ मार्च

अहो, नाही! पैसे घेण्यासाठी कधीच स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपले जातात. ही "फौजी मालका"ची जुनी फसवणूक आहे. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय रुपयाही नाही.

---

धूळपाटी | २३ मार्च

डिपॉझिट परत मिळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाकडला दोन वर्षं राहिलो, ६०,००० डिपॉझिट. सोडताना मालकाने रंगाचे एका महिन्याचे भाडे कापले, स्वयंपाकघरातल्या ओट्याला तडा गेला म्हणून आठ हजार कापले. तडा मी राहायला गेलो तेव्हापासून होता. सिद्ध काय करणार? फोटो नव्हते. वर वीजबिलाची जुनी थकबाकी आमच्याच काळातली निघाली असं सांगितलं. हातात ३१ हजार आले.

तेव्हापासून: चावी मिळाल्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक भिंत. वीजमीटरचा फोटो. हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे तारीख राहते. डिपॉझिट रोखीत अजिबात नाही, बँकेतून, आणि व्यवहाराचा क्रमांक करारात. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, ते करारातच लिहा म्हणायचं. "नंतर बघू" म्हणणारा मालक नंतर खरंच बघतो.

---

तळमजला | २३ मार्च

वाईट वाटलं वाचून. ११ महिन्यांनी रंग मालकाचा, नऊ वर्षं मीच करतेय.

सोसायटीचं एक राहिलं. भाडेकरू ठेवला की सोसायटी मालकाकडून ना-वापर शुल्क घेते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, २००१ चा शासन आदेश आहे. काही मालक ते भाडेकरूवर ढकलतात. देखभाल खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारताना हेही विचार. आणि धायरीत पाण्याचं विचार. उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्याची वर्गणी कुणाची?

---

स्लो_लोकल | २४ मार्च

आणि नॉनव्हेज चालतं का ते. पैशाचा प्रश्न नाही, पण रविवारी कळतो.

---

चिंचगूळ | ६ जुलै

धागा वर काढतेय.

भावाला सीईटीत बरे गुण आहेत, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायच्यात. पाडव्याला गावी गेले तेव्हा कागद बाबांपुढे ठेवला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "डोअरमॅट कशाला, पोतं चालतं की." एवढंच. आई मात्र गप्प होती, पण मे महिन्यापासून तीन हजारच पाठवतेय आणि "पोचले हं" अजून येतं.

तालीम: चारपैकी तीन महिने जमली, मेमध्ये मैत्रिणीच्या लग्नात घसरले. जूनमध्ये भरून काढलं. भिशी ऑगस्टची झाली, बदल्यात सहकारी बाईंना दिवाळीत दोन दिवस माझी सुट्टी देणार आहे.

पण धायरीचं तेच घर आता १५,००० सांगतात. त्याच्याच वरचा मजला १५,५००. काय झालं मध्ये?

---

सदाशिवपेठी | ६ जुलै

जुलै झाला. सगळ्या महाराष्ट्राची मुलं सुटकेस घेऊन स्वारगेटला उतरतायत. या दोन महिन्यांत पुण्यात घासाघीस होत नाही. भावाला दोन महिने कॉटवर टाक, गणपती होऊ दे. मग पितृपक्षात बघायला जा.

---

चिंचगूळ | ६ जुलै

पितृपक्षात?? आई मला घरात घेणार नाही.

---

सदाशिवपेठी | ६ जुलै

म्हणूनच! पंधरा दिवस कुणी घर बघायला फिरकत नाही. तोवर रिकामं राहिलेल्या घराचा मालक फार मवाळ असतो. करार तेव्हा कर, राहायला घटस्थापनेला जा. पितरांचा कराराला आक्षेप नसतो.

---

तळमजला | ७ जुलै

मालकीण म्हणून मला हे गुपित फुटलेलं आवडलेलं नाही.

---

चिंचगूळ | २८ सप्टेंबर

झालं!

वडगाव बुद्रुकला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. एजंट नाही, गेटवरच्या पाटीवरून फोन केला. मालक १४,५०० म्हणत होते. घर जुलैपासून रिकामं. १३,००० वर आले, डिपॉझिट ३०,०००. भाड्याची तारीख आठ करून घेतली. मालक हसले, म्हणाले हे कुणी शिकवलं? देखभाल भाड्यातच. रंगाचं करारात लिहून घेतलं. करार १६ तारखेला केला, राहायला २२ ला, घटस्थापनेच्या दिवशी. आई आली होती, दूध तिनेच उतू घालवलं, नव्या शेगडीवर.

हिशेबनीसांसाठी: भाडं १३,०००, डिपॉझिट ३०,०००, कराराचा निम्मा खर्च १,३००, टेंपो-हमाल २,२००, गॅस शेगडीसकट ५,४००, बाकी सामान ९,७००. एकूण ६१,६००. मार्चमधल्या माझ्या ६२ हजारांत बसलं असतं म्हणा. पण तेव्हा हा भाव नव्हता. मधल्या काळात साठलं तसं भावाच्या प्रवेशात आणि त्याच्या कॉटच्या अनामतीत गेलंही. आज खात्यात २८,४०० शिल्लक आहेत. जुन्या कॉटची अनामत अजून यायची आहे, "पुढच्या आठवड्यात" असं तीन आठवडे चालू आहे.

---

हिशेबनीस | २८ सप्टेंबर

बेरीज तपासली. बरोबर. अभिनंदन!

---

धूळपाटी | २८ सप्टेंबर

व्हिडिओ काढलास ना?

---

चिंचगूळ | २९ सप्टेंबर

काढला, १४ मिनिटांचा. बाथरूमच्या तीन फरशांना तडे आहेत, तिन्हींचे फोटो मालकांना पाठवले. त्यांनी अंगठा दाखवला.

उंबऱ्यापाशी पोतंच आहे. फ्रिज मात्र राहिला. वडगाव-धायरी-नऱ्हे भागात कुणाकडे चालू स्थितीतला जुना, एकदारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चार हजारांपर्यंत. जिना आहे, भाऊ उचलेल.